शेपटाकडून शिकलेलं इंग्रजी

माझ्या थोरल्या नणंदेला इंग्रजी शिकायचं होतं आणि तिनं एकटीनं मास्तरांकडे जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मला सोबत पाठवलं. माझं इंग्रजी शिकणं झालं ते असं. मला शिकवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं.

आम्ही तेव्हा कर्जतला होतो. हे स्टेशनात तारायंत्रावर काम करायचे आणि रूळांच्या कडेलाच आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. घाटात विजेची इंजिनं यायला अजून बरीच वर्षं होती. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं काढलं की आधी कोळशाची पूड झटकायची आणि मग घडी घालायची, हे अंगवळणी पडलं होतं. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की तिला मागून एक जादा इंजिन लावत. ते इंजिन गाडीला घाटभर ढकलत न्यायचं आणि रिकामं परत यायचं. त्याला सगळे बँकर म्हणत. हा शब्द इंग्रजी आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. घाट, बोगदा, बँकर, सगळे मला एकाच भाषेतले वाटत.

वन्सं, म्हणजे माझी ही नणंद, खालापूरला दिलेली होती. सासर शेतकऱ्याचं, भाताची जमीन बरी. अठरा साली लढाई संपता संपता तापाची जी साथ आली तिच्यात त्यांचा नवरा गेला आणि त्याच्यामागून पायावर उभा राहू लागलेला मुलगाही गेला. त्या काही काळ सासरीच राहिल्या आणि मग यांनी जाऊन त्यांना आणलं. आमच्यात विधवेचे केस काढायची चाल नव्हती. कपाळ मोकळं आणि हात मोकळे, एवढंच. त्या वयानं तिशीच्या आतल्या, अंगानं उंच. बोलणं कमी. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय चुलीत घालत नसत. मुलाचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

माझी पहिली मुलगी कर्जतलाच झाली. अडले होते. दवाखान्यात अधूनमधून एक डॉक्टरीणबाई येत, त्यांना बोलावलं. त्या दिवशी वन्संनी मला पाठीमागून धरून ठेवलं होतं, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. मला त्यातलं फारसं आठवत नाही, पण सगळं उरकल्यावर डॉक्टरीणबाई हात धूत वन्संना म्हणाल्या ते मी पडल्या पडल्या ऐकलं.

"तुमचे हात थरथरत नाहीत. पुण्याच्या इस्पितळात सुईणीचं रीतसर शिक्षण देतात. तुम्ही का जात नाही?"

"मला घेतील?"

"विधवांना घेतात. फक्त बाटलीवरचं, कागदावरचं वाचता येईल एवढं इंग्रजी लागेल."

चार दिवसांनी, यांना जेवायला वाढताना, वन्सं म्हणाल्या, "मला इंग्रजी शिकायचंय." यांनी भात कालवला. मग म्हणाले, "माझं इंग्रजी तारेचं. त्यात शब्द तोडून तोडून घालतात. ते शिकून ताई, तुला एक वाक्य धड बोलता यायचं नाही. मी दहिवलीच्या मास्तरांना विचारतो."

दहिवली नदीपलीकडे. तिथे मुंबईच्या एका शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर बायकोसोबत राहत. मास्तर कबूल झाले. मोबदल्यात काय द्यायचं, हा प्रश्न त्यांच्या बायकोनं सोडवला. त्यांचे गुडघे धरलेले होते. शिकवणीच्या आधी वन्संनी त्यांचे गुडघे चोळून द्यायचे, असं ठरलं. पहिल्या दिवशीच चोळण्याच्या औषधाची बाटली वन्संनी मास्तरांसमोर धरली आणि वर काय लिहिलंय म्हणून विचारलं.

"लिनिमेंट," मास्तर म्हणाले. "यातलं मेंट हे शेपूट. अमुक करण्यासाठी असतं ते, किंवा अमुक केल्यानं होतं ते. ट्रीटमेंट, ऑइंटमेंट."

त्यांची सगळी शिकवण्याची रीत हीच होती. मुळाक्षरं आम्ही पावसाळ्यात घरीच यांच्याकडून गिरवली होती, कारण नदीला पाणी चढलं की दहिवलीला जाणं बंद. दसऱ्यानंतर जायला लागलो तेव्हा अक्षर लावून वाचता येत होतं, पण वाचलेल्याचा अर्थ कळत नव्हता. मास्तर म्हणाले, "शब्द पाठ करत बसलात तर म्हाताऱ्या व्हाल. शब्दांची डोकी हजारो आहेत, शेपटं थोडी. आधी शेपूट ओळखायला शिका. निदान जनावर कुठल्या जातीचं एवढं तरी कळेल."

ओटीवर आम्ही दोघी भिंतीला टेकून बसायचो. माझी मुलगी झोळीत असायची. मास्तर खुर्चीवर, पाटी मांडीवर. ते पाटीवर नुसतं शेपूट लिहीत आणि आम्हाला त्याच्यापुढे डोकं लावायला सांगत.

पहिलं शेपूट अर. "जो करतो तो," मास्तर म्हणाले. "ड्राइव्ह म्हणजे हाकणं. ड्रायव्हर?"

"हाकणारा."

"टीच म्हणजे शिकवणं. टीचर?"

"शिकवणारा," आम्ही दोघी म्हणालो.

"आणि मदर?" वन्संनी विचारलं. हे दोन-चार शब्द त्यांना येत होते. "मद म्हणजे काय करणं?"

मास्तर म्हणाले, "तिथे ते शेपूट नाही. तिथे ते अंगच आहे."

"ओळखायचं कसं?"

"काढून बघायचं. काढल्यावर मागे अर्थ उरला तर शेपूट. नाही उरला तर अंग."

मग मी बँकरचं विचारलं. तेवढा एकच शब्द माझा स्वतःचा असा होता. मास्तर हसले. मुंबईत बँकर म्हणजे पेढीवाला, असं त्यांनी सांगितलं. गाडी ढकलणाऱ्या इंजिनाला ते नाव का पडलं हे त्यांना सांगता येईना. वन्सं म्हणाल्या, "ढकलतो हे खरं. नाव काही असो." परत येताना स्टेशनात बँकर उभाच होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्याकडे इंग्रजी म्हणून पाहिलं.

नेस हे शेपूट मला सगळ्यांत आधी आलं, तेही चुकीच्या वाटेनं. नेस म्हणजे पणा. काइंड म्हणजे दयाळू, काइंडनेस म्हणजे दयाळूपणा. पण लहानपणी आई दारामागून "नेस गं लवकर" म्हणून ओरडायची, ते माझ्या कानात होतं. मला तो शब्द लुगडं नेसूनच यायचा. आजही डार्कनेस म्हटलं की काळी चंद्रकळा नेसलेली बाई दिसते. मी हे मास्तरांना सांगितलं नाही. वन्संना सांगितलं, तर त्या चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, "मग सिकनेस काय नेसते?" त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

ली आलं तेव्हा त्यांनीच सुरुवात केली. मास्तरांनी स्लोली, सडनली, सॉफ्टली लिहिलं.

"आली, गेली, बसली," वन्सं म्हणाल्या. "इंग्रजीत सगळं बायकाच करतात वाटतं."

"ली म्हणजे कसं केलं ते. हळूपणे. अचानकपणे," मास्तर म्हणाले. त्यांना थट्टा चालायची, पण धड्याच्या मागून. आधी धडा.

शब्द आम्ही मिळतील तिथून न्यायचो. स्टेशनावरच्या पाट्या, यांचे जुने छापील कागद, औषधांच्या बाटल्या, घासलेटचा डबा. डब्यावर इन्फ्लेमेबल लिहिलेलं असायचं. एबल म्हणजे जोगं, हे आम्हाला येत होतं. पुढे इन लागलं की अर्थ उलटा होतो हेही मास्तरांनीच सांगितलं होतं. म्हणून वन्संनी अर्थ लावला, पेट न घेण्याजोगं. मास्तर खुर्चीतून उठलेच. "डबा चुलीपासून किती लांब ठेवता?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी बराच वेळ समजावलं की या शब्दातलं इन त्या जातीचं नाही, डब्यातलं पेट घेतंच. वन्संना ते पटलं नाही. असं असेल तर डब्यावर लिहिणाऱ्यानं दुसरा शब्द वापरायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं पडलं. मास्तर म्हणाले, "तेही खरं आहे."

एक धडा मला चांगला आठवतो. मास्तरांनी पाटीवर दोन शेपटं शेजारी शेजारी लिहिली, हुड आणि शिप. दोन्हींचा अर्थ एकच, असण्याची स्थिती. चाइल्डहुड, बालपण. फ्रेंडशिप, मैत्री. मदरहुड, विडोहुड, स्कॉलरशिप, मेंबरशिप. कुठे कुठलं लावायचं याला नियम नाही, पाठच करावं लागतं, असं ते म्हणाले. वन्सं पाटीकडे बघत राहिल्या.

"नियम आहे," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"हुड आपल्यावर येतं. शिप आपण होऊन घेतो. बालपण येतं, रंडकेपण येतं. मैत्री कुणी करतं म्हणून होते."

मास्तरांनी चष्मा काढला. "नेबरहुड?"

"शेजार कुठे आपण निवडतो?"

मास्तरांनी पाटीवर एक शब्द लिहिला. "हार्डशिप. म्हणजे हाल. हे कोण आपण होऊन घेतं?"

माझी मुलगी रडायला लागली होती. मी तिला झोळीतून काढली. परतताना नदीपाशी आल्यावर वन्सं म्हणाल्या, "तो एक शब्द चुकलाय इंग्रजांचा."

लेस हे शेपूट अगदी सोपं म्हणून मास्तरांनी घाईत उरकलं. लेस म्हणजे नसलेला. होपलेस, आशा नसलेला. हार्मलेस, ज्याच्यात अपाय नाही असं. यूजलेस हा शब्द तर स्टेशनातले सगळे हमाल बोलायचे. अस म्हणजे भरलेला. डेंजरस, पॉइझनस. हा दुसरा शब्द डॉक्टरीणबाईंच्या एका निळ्या बाटलीवर होता आणि वन्संनी तो स्वतः लावला होता.

उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी पुण्याला कळवलं आणि इस्पितळातून बोलावणं आलं. यांना रजा मिळेना, म्हणून मुलीला शेजारणीकडे ठेवून मीच वन्संसोबत गेले. मी घाट चढून कधी गेले नव्हते. वन्सं सगळा वेळ खिडकीला पाठ करून बसल्या होत्या आणि ओठांत शेपटं म्हणत होत्या.

इस्पितळातल्या मुख्य बाई इंग्रज होत्या. वयानं मोठ्या, फिकट डोळ्यांच्या. एका टेबलापलीकडे त्या आणि बाजूला एक मराठी नर्स, दुभाषी म्हणून. मला भिंतीजवळ स्टुलावर बसवलं. नर्सनं आधीच सांगितलं की बाई विचारतील त्याची उत्तरं जमतील तेवढी इंग्रजीत द्यायची, अडलं तर ती सांगेल.

नाव, गाव, वय झालं. मग बाईंनी विचारलं, "विडो?"

"यस."

"चाइल्डलेस?"

शब्द कळला नसेल असं वाटून नर्स मराठीत सांगायला लागली, तर वन्संनी हातानं तिला थांबवलं. शब्द त्यांना कळला होता. मलाही कळला होता. डोकं आणि शेपूट, दोन्ही येत होतं.

"नो," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी डॉक्टरीणबाईंच्या कागदाकडे पाहिलं. लहान मूल असलेल्या बाईला तिथे घेत नसत. "हाउ मेनी?"

"वन."

"व्हेअर इज द चाइल्ड?"

"डेड."

बाईंनी टाक खाली ठेवला आणि सावकाश, रागावून नव्हे, काही म्हणाल्या. नर्सनं ते सांगितलं. "बाई म्हणतात, मग तुम्ही चाइल्डलेसच झालात. यस म्हणा, म्हणजे पुढे जाता येईल."

वन्सं बाईंकडे बघून म्हणाल्या, "नो, मॅडम. चाइल्ड वॉज."

एवढंच. आवाज चढला नव्हता. बाईंनी टाक उचलून कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही.

मग त्यांनी भिंतीवरचा एक छापील कागद काढून वाचायला दिला. वॉर्डाचे नियम होते. वन्संनी अडखळत पण बिनचूक वाचलं. एका शब्दावर बाईंनी बोट ठेवलं आणि अर्थ विचारला. शब्द होता इन्फेक्शस. आम्ही तो कधी पाहिला नव्हता. वन्संनी तो पुन्हा एकदा वाचला.

"फुल ऑफ समथिंग," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, प्रामाणिकपणे, "व्हॉट, आय डोंट नो."

बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी नर्सला काही विचारलं. नर्सनं वन्संना विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं? शेवटचा तुकडा कळतो आणि पुढचा कळत नाही, असं कसं?"

"आमच्या मास्तरांनी शेपटाकडून शिकवलंय," वन्संनी मराठीत सांगितलं. "डोक्यापर्यंत अजून पोचलो नाही."

नर्सनं ते इंग्रजीत सांगितलं की नाही, मला माहीत नाही. आम्हाला जायला सांगितलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही बांधून आणलेली भाकरी खाल्ली. मी विचारलं, "वन्सं, यस का नाही म्हणालात?"

"लेस म्हणजे काय?"

"नसलेला."

"तो नव्हता असं कसं सांगू?" त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला.

दहिवलीला गेल्यावर मी हे मास्तरांना सांगितलं. त्या स्वतः सांगतील असं नव्हतं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंग्रजीत तो शब्द दोन्हीला चालतो. झालंच नाही तिलाही आणि होऊन गेलं तिलाही. तुम्ही यस म्हणाला असता तरी ते खोटं झालं नसतं."

"इंग्रजीत नसतं झालं," वन्सं म्हणाल्या आणि मास्तरांच्या बायकोचे गुडघे चोळायला आत गेल्या.

इस्पितळात घेतल्याचं डॉक्टरीणबाईंकडून कळलं तेव्हा आंबे संपत आले होते. पावसाळा लागल्यावर अमुक तारखेला हजर व्हायचं होतं. वन्संनी दोन पांढरी लुगडी घेतली, यांनी एक जुनी ट्रंक रंगवून दिली. आणि मग एका संध्याकाळी खालापूरहून वन्संचा दीर आला. खोपोलीपर्यंत बैलगाडीनं आणि पुढे खोपोलीच्या गाडीनं. पाय धुऊन तो ओट्यावर बसला, चहा घेतला आणि बोलायला लागला.

"वहिनी, घरी चला. आमच्या हिचे दिस भरत आले. आय थकली हाय. घरात दुसरं बाईमाणूस नाय."

हे म्हणाले, "ताईला पुण्याला जायचंय. शिकायला."

"आता या वयात काय शिकायचं?"

"बाळंतपणं करायला," वन्सं दारातून म्हणाल्या.

दिरानं त्यांच्याकडे पाहिलं. "ते तर आमच्या घरीच हाय की."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हे चिडले होते. मला वाटलं वन्सं नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, "कधी निघायचं?" आणि सकाळी त्याच्याबरोबर गेल्या. ट्रंक कोपऱ्यात तशीच राहिली.

पाऊस सुरू झाला. ती तारीख आली आणि गेली. खालापूरहून काही निरोप आला नाही. हे म्हणाले, "आता ती येत नाही. सासर सोडणार नाही तिला, आणि तीही निघणार नाही." मी ट्रंकेवर एक चादर घातली, कारण रंगावर कोळशाची पूड बसत होती. मला वाईट वाटलं, पण मी इतरांसारखंच ते मान्य केलं. बाईमाणसाचं असंच होतं, असा माझा समज होता.

त्या आल्या तेव्हा दुपार होती आणि झड लागलेली होती. सोबत दीर होता, त्याच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं, वर इरलं. वन्सं वाळल्या होत्या. काय झालं ते त्यांनी तुकड्या-तुकड्यानं त्या रात्रीपर्यंत सांगितलं. जावेला पायाळू मूल होतं. गावातली सुईण हात घालायला निघाली, तेव्हा वन्संनी तिला आधी उकळून निवलेल्या पाण्यानं हात धुवायला लावले. सुईण चिडली. "आमी काय आजवर मातीच खाल्ली का?" म्हणाली. तरी तिनं हात धुतले. मूल जगलं, मुलगी झाली. पण नंतर जावेला ताप भरला. वन्संनी तो ताप उतरेपर्यंत जागा सोडली नाही. तारीख त्यांना पाठ होती. ती गेली त्या दिवशी त्या जावेजवळच बसून होत्या.

"निरोप तरी धाडायचा," हे म्हणाले.

"निरोप धाडून काय? मी येऊ शकत नव्हते."

दिरानं तांदूळ ठेवले, जेवला. वन्संना शिकायला जाऊ द्यायचं की नाही याबद्दल तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी वन्संनी ट्रंकेवरची चादर काढली, तेव्हा ट्रंक त्यानंच उचलून पुण्याच्या गाडीत नेऊन ठेवली आणि मग खोपोलीच्या गाडीकडे गेला.

पुण्यात त्यांची जागा दुसरीला दिलेली होती. मुख्य बाईंनी सांगितलं, पुढच्या तुकडीपर्यंत थांबावं लागेल, आणि राहायचंच असेल तर आयाचं काम आहे. वन्संनी ते घेतलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तोवर त्या फरशा पुसत होत्या आणि भांडी घासत होत्या. यांना हे कळलं तेव्हा ते परत आणायला निघाले होते. वन्संनी येऊ नको म्हणून कळवलं. पुढच्या तुकडीत त्यांना घेतलं.

त्या गेल्यावर माझी शिकवणी बंद व्हायला हवी होती. मी सोबत म्हणून जात होते, आणि आता सोबत देण्यासारखं कुणी राहिलं नव्हतं. पण मास्तरांच्या बायकोचे गुडघे होतेच. त्यांनीच निरोप पाठवला. मुलगी आता चालायला लागली होती, तेव्हा ती माझी सोबत, असं मी यांना सांगितलं आणि यांनी मान डोलावली. मी आणखी दोन हिवाळे गेले. शेपटं संपल्यावर मास्तरांनी डोकी घेतली, पण ती मला तितकी कधी आली नाहीत. पुस्तक वाचताना मी अजून शब्दाच्या शेवटापासून मागे येते. मग यांची बदली झाली आणि आम्ही कर्जत सोडलं.

वन्संची परीक्षा झाली, त्या पास झाल्या आणि त्याच इस्पितळात राहिल्या. खालापूरला वर्षाकाठी एकदा जात. जावेची ती मुलगी त्यांना फार लळा लावून होती, असं ऐकलं.

मी त्यांना तिथे एकदाच भेटायला गेले, पुष्कळ वर्षांनी. मला एका लांबलचक व्हरांड्यात बाकावर बसवलं. त्या आल्या त्या घाईतच. केस कानशिलांजवळ पिकले होते आणि हातांना औषधाचा वास येत होता. त्यांनी माझ्यासाठी मगातून चहा आणवला. नळाला पाणी सकाळीच येतं, नव्या मुली कामाला हळू आहेत आणि भाताला चव नसते, असं सगळं सांगितलं. यांची, मुलीची चौकशी केली. इंग्रजी अजून वाचता का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "वाचायला वेळ कुठे? बोलते."

तेवढ्यात आतून एक मुलगी पळत आली आणि एका बाईच्या कळा वाढल्याचं सांगून गेली. वन्सं उठल्या. "बस, येते," म्हणाल्या आणि गेल्या. मी चहा संपवला. बराच वेळ बसले. दाराआडून त्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी दम धरायला सांगणारा. गाडीची वेळ झाली तशी मी चहाचा मग बाकाखाली ठेवला आणि निघाले.